दोन तालमी



आषाढातली एक रात्र. साडेनऊ वाजून गेले असतील. कोल्हापूरहून धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला. इतक्या उशिरा ती सहसा बोलत नाही, त्यामुळे मनात शंकेची पाल चुकचुकलीच. तिच्या आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. "ताई, आमच्या बाळाला त्या गुरुजींकडं घालून मी चूक तर केली नाही ना गं?" एवढेच ती म्हणाली आणि थांबली.

बाळ म्हणजे तिचा दहा वर्षांचा नातू. दोन वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत, उंच काठीला बासऱ्या खोचून फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून त्याने हट्टाने एक बासरी घेतली. अशा बासऱ्या बहुतेक घरांत येतात, दोन दिवस वाजतात आणि मग माळ्यावर जातात. या मुलाने मात्र ती सोडली नाही. कोणी न शिकवता, कानावर पडणारी गाणी तो त्या वेळूतून काढू लागला. आधी आकाशवाणीवरची भक्तिगीते, मग चित्रपटगीते. गेल्या हिवाळ्यात वसाहतीच्या स्नेहसंमेलनात त्याने दोन गाणी वाजवली. टाळ्या थांबेनात. कोणीतरी त्याचे चित्रण केले, ते नातेवाइकांच्या भ्रमणध्वनींवरून सांगलीला, पुण्याला, बेळगावला पोहोचले. एका हितचिंतकाने सुचवले, की दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या स्पर्धेत याला उतरवा. अर्जही भरून झाला. तत्पूर्वी थोडे शास्त्रशुद्ध मार्गदर्शन असावे, म्हणून बहिणीने त्याला एका जाणत्या बासरीवादकांकडे नेले.

गुरुजींनी त्याची दोन्ही गाणी शांतपणे शेवटपर्यंत ऐकली. "कान देवाघरचा आहे," असे म्हणाले. मग त्याच्या हातातली बासरी काढून बाजूला ठेवली, दुसरी मोठी बासरी त्याच्या हाती दिली आणि सांगितले, "आता सहा महिने गाणे वाजवायचे नाही. फक्त सा लावायचा. आणि स्पर्धा या वर्षी विसरा."

मुलगा घरी येऊन रडला. सूनबाई दुखावल्या. ज्या मुलाला शेकडो लोक वाखाणतात, त्याला काहीच येत नाही असे ठरवणारे हे कोण, असे त्यांना वाटले. मुलाच्या वडिलांनी दुसरे गुरू शोधायचे ठरवले. घरात दोन तट पडले आणि बहीण मध्ये अडकली. स्पर्धेची पहिली फेरी दीड महिन्यावर आली होती.

मी तिला तत्काळ उत्तर दिले नाही. "तुला सविस्तर पत्र लिहिते," म्हणाले. या महिन्याचे हे सदर म्हणजे तेच पत्र आहे. गुणी मूल अनेक घरांत असते, आणि हा पेच आज ना उद्या त्या प्रत्येक घरात उभा राहतो.

प्रथम गुरुजींची बाजू समजून घेऊ. बासरीसारखे साधे दिसणारे वाद्य दुसरे नाही. वेळूची एक नळी, फुंकण्यासाठी एक छिद्र आणि बोटांसाठी सहा. तिला पडदे नाहीत, तारा नाहीत, खुंट्या नाहीत. पेटीची पट्टी दाबली की स्वर आपोआप योग्य जागी उमटतो, लहान मुलाने दाबली तरीही. बासरीत तसे काहीच तयार मिळत नाही. वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज येतो, सहाही झाकली की खालचा पंचम, आणि सगळी मोकळी केली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धवट झाकावे लागते. कोमल स्वर तर बोट किती सरकवले यावरच ठरतात. त्यातही ओठांचा कोन किंचित बदलला, फुंक थोडी ढिली पडली, की लागलेला स्वर उतरतो. म्हणजे बासरीवादकाला प्रत्येक स्वर प्रत्येक वेळी नव्याने घडवावा लागतो, आणि तो घडवण्यासाठी त्याच्याजवळ असतात केवळ श्वास, ओठ आणि कान.

यात्रेतली बासरी लहान असते. तिची छिद्रे बोटांच्या टोकांनी झाकता येतात. मैफलीची बासरी हातभराहून लांब, रुंद छिद्रांची. तिथे बोटे सरळ ठेवून त्यांच्या मांसल पेरांनी छिद्रे झाकावी लागतात. टोकांनी वाजवायची सवय हातात मुरली, की मोठ्या बासरीवर पुढे मींड नीट येत नाही, स्वर फाटतो. ही सवय दहाव्या वर्षी मोडणे जड जाते, विसाव्या वर्षी त्याहून जड. गुरुजींना त्या दोन गाण्यांत मुलाचा गुण ऐकू आला तसा हा पुढचा अडथळाही दिसला असणार.

एक गोष्ट आपण विसरतो. ही लांब बासरी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आली त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. बारिसाल येथे १९११ साली जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी नाना लांबीच्या बासऱ्या पारखून पाहिल्या आणि सुमारे बत्तीस इंच लांबीची, गंभीर आवाजाची बासरी ख्याल गायकीसाठी सिद्ध केली. तोवर बासरी हे लोकसंगीताचे, गुराख्यांचे आणि फार तर साथीचे वाद्य मानले जाई. घोषबाबू १९६० साली अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांनी मोकळी केलेली वाट पुढे ज्यांनी जगभर नेली, त्या पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्या बालपणाची गोष्ट मी बहिणीला सांगणार आहे. ती सांगण्याला एक खास कारण आहे.

आपल्या भाषेत 'तालीम' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. कोल्हापूरकराला तालीम म्हटले की लाल मातीचा हौदा, वस्ताद, जोर आणि बैठका आठवतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला तालीम म्हटले की गुरूसमोर घेतलेला पाठ आठवतो. हरिप्रसादजींच्या आयुष्यात या दोन्ही तालमी आल्या, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना सारखाच धडा मिळाला.

त्यांचा जन्म १ जुलै १९३८ रोजी अलाहाबादचा. वडील पहिलवान. आई मुलाच्या लहानपणीच गेली. घरात गाणे नव्हते, घराणे नव्हते. होता तो आखाडा, आणि मुलगाही पहिलवान व्हावा ही वडिलांची इच्छा. मुलगा वडिलांबरोबर आखाड्यात जाई, माती अंगाला लावी, पण मन तिथे नसे. शेजारी पंडित राजाराम नावाचे गायक राहत. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास हरिप्रसाद त्यांच्याकडे गाणे शिकू लागला. वडिलांना कळू नये म्हणून रियाज मित्राच्या घरी चाले. पुढे वाराणसीचे बासरीवादक पंडित भोलानाथ प्रसन्ना यांची बासरी त्याच्या कानी पडली आणि आपले वाद्य कोणते, हे त्या मुलाला उमगले. तो त्यांचा शिष्य झाला.

येथे क्षणभर थांबून त्या मुलाचे वय पाहावे. ज्याला आपण आज जन्मजात बासरीवादक म्हणतो, त्याचे शिक्षण सुरू झाले तेव्हा तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. ना त्याचे चित्रण कोणी केले होते, ना कोणी त्याला बालकलाकार म्हटले होते. पोटापाण्यासाठी त्याने टंकलेखन-लघुलेखन शिकून कारकुनीही केली. आखाड्यातली मेहनत तरी वाया गेली म्हणावे, तर तेही नाही. छातीचा भाता आणि अंगातला दम या गोष्टी त्या मातीतून मिळाल्या आणि म्हातारपणापर्यंत बासरीला पुरल्या, असे स्वतः हरिप्रसादजी सांगत आले आहेत. वडिलांनी दिलेली तालीम त्यांना नको होती, पण तीच श्वासाच्या रूपाने बासरीत उतरली.

१९५७ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यांना आकाशवाणीच्या कटक केंद्रावर कलाकाराची नोकरी मिळाली. पुढे काही वर्षांनी बदली मुंबईला झाली. येथून यशाची कमान चढती होती. मुंबईत चित्रपटसंगीताचा तो बहराचा काळ होता. ध्वनिमुद्रणासाठी त्यांच्या बासरीला मागणी येऊ लागली. पैसा आला, नाव झाले. पंचविशीच्या आतबाहेरचा एखादा वादक याहून अधिक काय मागेल?

हरिप्रसादजींना मात्र आपल्या शिक्षणात काही राहून गेले आहे, असे वाटत होते. ते मैहर घराण्याच्या अन्नपूर्णादेवींच्या दारी गेले.

अन्नपूर्णादेवी म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या. त्यांच्या स्वतःच्या बालपणाची गोष्टही आपल्या विषयाला धरून आहे. थोरल्या मुलीला गाण्यापायी सासरी सोसावे लागले, म्हणून धाकटीला संगीत शिकवायचे नाही असे वडिलांनी ठरवले होते, असे सांगतात. एके दिवशी वडील बाहेर गेले असता भाऊ अली अकबर रियाज करीत होता आणि त्याचे चुकत होते. अंगणात खेळणारी ही मुलगी आत आली आणि बाबांनी असे नव्हे, असे शिकवले आहे, म्हणून तो भाग गाऊन दाखवू लागली. वडील परतले होते आणि मागे उभे राहून ऐकत होते. मुलगी घाबरली. वडिलांनी तिच्या हाती तंबोरा दिला. कोणी न शिकवता, केवळ ऐकून तिने सारे उचलले होते. गुण असा कधी कधी दाराआड उभा राहून आपली वाट शोधतो.

सूरबहारवरील अन्नपूर्णादेवींचे प्रभुत्व असे, की ज्यांनी ते ऐकले त्यांना दुसरे वादन पुरेसे वाटेना. तरीही पन्नासच्या दशकातील मोजक्या मैफलींनंतर त्या व्यासपीठावरून दूर झाल्या त्या कायमच्याच. मुंबईतल्या आपल्या घरात त्यांनी उरलेले आयुष्य साधना आणि अध्यापन यांत घालवले. त्यांना १९७७ साली पद्मभूषण मिळाले. २०१८ साली त्या निवर्तल्या. टाळ्यांशी काडीमात्र संबंध न ठेवता कोणी एवढे मोठे होऊ शकते, हे आजच्या काळात पटणे कठीण आहे.

अशा गुरूंनी आधीच प्रसिद्ध असलेल्या या तरुण वादकाला लगेच स्वीकारले नाही. तो येत राहिला, त्या नाही म्हणत राहिल्या. अखेर त्या शिकवायला तयार झाल्या त्या एकाच बोलीवर: आजवर शिकलेले सारे बाजूला ठेवायचे आणि पहिल्या स्वरापासून आरंभ करायचा. हरिप्रसादजींनी ती बोली कशी मान्य केली, हे संगीताच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. ते बासरी उजवीकडे धरून वाजवत. आता त्यांनी ती डावीकडे धरली.

ऐकायला ही गोष्ट लहान वाटेल. पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याने एके दिवशी डाव्या हाती लेखणी घ्यावी आणि बाराखडी गिरवू लागावे, तसे ते आहे. वरचा हात खाली जातो, खालचा वर येतो. ओठांना कोन बदलावा लागतो. दहा-बारा वर्षांत बोटांना जे न सांगता कळू लागले होते, ते सारे एका दिवसात निरुपयोगी होते. साधारणपणे बासरीची छिद्रे एका सरळ रेषेत असतात, त्यामुळे तीच बासरी दुसऱ्या बाजूला धरता येते. वाद्य बदलावे लागले नाही. बदलावे लागले ते वादकाला. जुन्या सवयी पुन्हा हातात शिरू नयेत आणि नव्याने आरंभ करण्याचा निश्चय गुरूंना प्रत्यक्ष दिसावा, हे दोन्ही त्यातून साधले. गुरू बासरी वाजवीत नसत. त्या गाऊन शिकवीत आणि शिष्याने गळ्यातले वेळूत उतरवायचे.

विचार करा, दिवसा ज्याच्या बासरीसाठी संगीतकार खोळंबून राहत, तो माणूस गुरूंच्या घरी नवशिक्यासारखा अडखळत होता. ज्याच्या नावावर घर चालते ते कौशल्य स्वतःहून खाली ठेवायला किती धैर्य लागले असेल! पुढे १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काबरा यांच्यासह निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली. जगभरच्या मैफली झाल्या, २००० साली पद्मविभूषण मिळाले. ते सारे आपल्याला ठाऊक आहे. आज त्यांचे छायाचित्र पाहताना बासरी डावीकडे धरलेली दिसते. ती पाहिली, की मला त्या कठीण दिवसांची आठवण होते.

बहिणीचा मुलगा येथे मला अडवील. म्हणेल, "मावशी, म्हणजे लहान मुलांनी व्यासपीठावर जाऊच नये का? लहानपणीच गाजलेले कलाकार काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही बासरीच्याच इतिहासात आहे. त्यासाठी आपल्याला दक्षिणेकडे, कर्नाटक संगीताच्या प्रांतात जावे लागेल. तिथली बासरी आखूड आणि आठ छिद्रांची.

तंजावर भागातील तिरुविडैमरुदूर येथे १९२६ साली टी. आर. महालिंगम यांचा जन्म झाला. रसिक त्यांना 'माली' म्हणत. १९३३ साली, अवघ्या सातव्या वर्षी, मद्रासच्या मैलापूर भागातील त्यागराज उत्सवात त्यांनी पहिली मैफल केली, आणि ज्येष्ठ कलावंतांनी त्या बालकाला शाल पांघरून गौरवले. माली पुढे थोर झाले यात शंका नाही. बासरीवर बोटे आणि ओठ ठेवण्याची रीतच त्यांनी बदलली. मानवी गळ्याची वळणे त्यांनी त्या छोट्या वेळूतून काढली, आणि दक्षिणेतील बासरी त्यांच्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. पण व्यासपीठाशी त्यांचे नाते मात्र कधी सुखाचे झाले नाही. ठरलेल्या मैफलीला न येणे, आलेच तर मध्येच उठून जाणे, कित्येक वर्षे वादनापासून दूर राहणे, असे चालत राहिले. १९८६ साली, साठी गाठण्यापूर्वीच, ते गेले. थोर माणसाच्या मनाचा हिशेब बाहेरच्यांनी मांडू नये. सातव्या वर्षी खांद्यावर आलेली शाल जड झाली होती का, हे ठरवणारे आपण कोण? मला एवढेच दिसते, की लवकर मिळालेली कीर्ती आयुष्यभराच्या समाधानाची हमी देत नाही.

आता दुसरे उदाहरण. शशांक सुब्रमण्यम यांनी १९८४ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, पहिली मैफल केली. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीच्या वार्षिक महोत्सवात मुख्य मैफलीचा मान सहसा ज्येष्ठांना मिळतो. १ जानेवारी १९९१ रोजी तो या बारा वर्षांच्या मुलाला मिळाला. एवढ्या लहान वयात एवढे मोठे व्यासपीठ! पण पुढे काय घडले ते महत्त्वाचे. घरी वडिलांकडे पहिले शिक्षण झाले होते. एवढा गाजावाजा झाल्यानंतरही हा मुलगा शिकत राहिला. पालघाट के. व्ही. नारायणस्वामी यांच्यासारख्या थोर गायकांकडे तो गायकी शिकला, आणि हिंदुस्थानी संगीतासाठी पंडित जसराज यांचा शिष्य झाला. व्यासपीठावरून उतरून पुन्हा गुरूसमोर मांडी घालून बसणे त्याला जड गेले नाही.

तेव्हा प्रश्न वयाचा नाही. कोणी सहाव्या वर्षी व्यासपीठावर जाईल, कोणी सोळाव्या. खरा प्रश्न असा, की टाळ्या वाजून गेल्यानंतर हे मूल पुन्हा विद्यार्थी होऊ शकते का? आणि त्याहून अवघड प्रश्न, त्याच्या घरची माणसे त्याला तसे होऊ देतात का? हरिप्रसादजींना मागे फिरणे शक्य झाले, कारण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. दहा वर्षांच्या मुलाला असा निर्णय एकट्याने घेता येत नाही. सा लावताना कोणी टाळी वाजवत नाही. त्या शांततेत त्याला एकटे वाटू नये, ही जबाबदारी घरच्यांची.

म्हणून मी बहिणीला तीन गोष्टी लिहिल्या. पाहुणे आले की 'बाळ, वाजवून दाखव' असे सहा महिने म्हणू नका. 'तुझा कार्यक्रम कधी?' असे विचारण्याऐवजी 'आज काय शिकलास?' असे विचारा. आणि रोज एक तास घरातला दूरचित्रवाणी संच बंद ठेवा, म्हणजे त्याचा सा त्याला स्वतःला ऐकू येईल. गुरू बदलायचे असतील तर जरूर बदला. सगळेच कडक गुरू चांगले असतात असे नाही, आणि मुलाचा अपमान करणारा गुरू तर एक दिवसही नको. पण केवळ आपल्याला नको असलेले खरे बोलले, एवढ्यासाठी बदलू नका.

हे पत्र बहिणीने घरात सर्वांसमोर वाचले. त्यावर सूनबाई काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "पण संधी हातची जाते, त्याचं काय?" तेव्हा इतके दिवस या वादात गप्प बसलेले दाजी बोलले. ऐन उमेदीत दाजींनी गावच्या मैदानात कुस्त्या केल्या आहेत. ते म्हणाले, "मी तालमीत गेलो तवा अंगात लई रग होती. गावातली चार पोरं पाडून गेलतो. वस्तादांनी पहिलं वरीसभर मला कुस्ती धरू दिली न्हाई. हौद्यातली माती उकरायची, जोर मारायचे, आन् घरला यायचं. लई राग यायचा. पर पुढं मैदानात उतरलो तवा कळलं, की पाय त्या वरसात घट झालं हुतं."

घरात त्यानंतर वाद झाला नाही, असे बहिणीने कळवले. वाद मिटला की नुसता थांबला, हे मला पत्रातून कळेना.

दसऱ्याच्या सुमारास कोल्हापूरला जाणे झाले. स्पर्धेची तारीख केव्हाच उलटून गेली होती. तिचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. संध्याकाळी चहा घेत आम्ही सोप्यात बसलो होतो. आतल्या खोलीतून एक सूर येत होता. एकच. तो सुरू होई, थोडा थरथरे, स्थिर होई आणि संपे. मग श्वास घेण्याइतकी शांतता, आणि पुन्हा तोच सूर. गाणे ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ते कंटाळवाणे वाटले असते. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. हातातले उलथने तसेच होते. सूर संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने बाळ पाणी प्यायला बाहेर आला. मोठी बासरी हातात होती. बोटे आता सरळ पडत होती. मी विचारले, "काय रे, किती वेळ टिकतो तुझा सा?"

"अकरा आकडे मोजेपर्यंत," तो म्हणाला. "आधी सहाच टिकायचा. गुरुजींचा तीस टिकतो."

"मग तुझा कधी टिकणार तीस?"

त्याने प्रश्न मनावर घेतला. गंभीरपणे थोडा हिशेब केला, उत्तर जुळले नाही बहुधा, आणि पाण्याचा तांब्या ठेवून तो पुन्हा आत गेला.